तंबाखू नियंत्रणाचा जोर मोजायचा कसा: मराठवाड्यातल्या नव्या कार्यकर्त्यांसाठी

"तुमच्याकडे तंबाखूविरोधी कायदा आहे का?" असं विचारलं तर मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांकडून एकच उत्तर येईल. आहे की! २००३ चा सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने कायदा आहे, ज्याला कार्यालयात सगळे 'कोटपा' म्हणतात. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे. सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला २०२० पासून मनाई आहे. म्हणजे कागदावर लातूर शहर आणि किनवट तालुका अगदी सारखे. तरीही दोन्हीकडच्या बसस्टँडवर उभं राहिलं तर चित्र सारखं दिसेलच असं नाही. हा फरक आकड्यात कसा पकडायचा, एवढाच या लेखाचा विषय.

जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षात नव्याने रुजू झालेले समुपदेशक, समाजकार्याचे विद्यार्थी, शाळेतले शिक्षक आणि एखाद्या संस्थेकडून 'तालुक्याचा आढावा घ्या' असं काम अंगावर आलेले कार्यकर्ते यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ होणार नाही. मोजपट्टी बाहेरून जशीच्या तशी आणली, तर आपल्याकडच्या तंबाखूचा मोठा भाग तिच्यात दिसतच नाही. पट्टी आपल्याला बेतून घ्यावी लागते.

आधी जुन्या मोजपट्ट्या बघून घ्या

नवं काही शोधायच्या आधी जगात हे काम कसं झालं, ते थोडक्यात माहीत असावं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये 'एमपॉवर' नावाची चौकट दिली. तिच्यात सहा गोष्टी आहेत: वापरावर लक्ष ठेवणं, लोकांना धुरापासून वाचवणं, सोडायला मदत देणं, धोक्याचा इशारा देणं, जाहिरातींवर बंदी आणणं आणि कर वाढवणं. प्रत्येक देश यात कुठल्या पायरीवर आहे, हे संघटनेच्या अहवालांत छापून येतं. देशांची तुलना करायला ही चौकट चांगली आहे. पण जिल्ह्यात ती जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण कर किंवा पाकिटावरचं चित्र जिल्ह्यात ठरत नाही. ८५ टक्के जागेवर इशारा छापायचा नियम २०१६ पासून देशभर लागू आहे. त्याचं श्रेय हिंगोलीला द्यायचं की परभणीला?

युरोपात लुक जूसेन्स आणि मार्टिन रॉ यांनी २००६ मध्ये १०० गुणांची एक पट्टी मांडली. किमतीला ३० गुण, धूरमुक्त जागांना २२, जनजागृतीवरच्या खर्चाला १५, जाहिरातबंदीला १३, पाकिटावरच्या इशाऱ्याला १० आणि सोडण्यासाठीच्या उपचाराला १०. या पट्टीचं मला आवडतं ते तिचं धाडस. सगळं सारखंच महत्त्वाचं असं न म्हणता कशाला किती वजन, हे तिने उघडपणे सांगितलं. आपणही तेच करायचं आहे, फक्त वजनं आपली घालायची.

तिसरं उदाहरण अमेरिकेचं आणि आपल्या कामाला सगळ्यात जवळचं. तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा 'असिस्ट' नावाचा प्रकल्प १९९१ ते १९९९ या काळात १७ राज्यांत चालला. त्याचं मूल्यमापन करताना अभ्यासकांपुढे प्रश्न आला, की काम किती जोरात झालं हे मोजायचं कसं? त्यांनी जोराचे तीन भाग केले: साधनं, क्षमता आणि प्रयत्न. पैसा आणि माणसं किती, ती एकमेकांना धरून काम करतात का, आणि प्रत्यक्षात हालचाल काय झाली. त्या कामातून कायदे आणि धोरणं किती बदलली, हे त्यांनी वेगळ्या निर्देशांकात ठेवलं. लोकांचं सेवन किती घटलं हा हिशेब आणखी वेगळा. हे वेगळं ठेवणं फार महत्त्वाचं आहे. आपल्याकडचे बहुतेक आढावे इथेच फसतात, कारण 'वर्षभरात इतक्या सभा, इतके दंड, इतकी शपथ' हे सगळं एकाच रकान्यात ओतलेलं असतं.

आपल्याकडे धूर कमी, पुडी जास्त

प्रौढांच्या तंबाखू सेवनाचं २०१६-१७ चं जागतिक सर्वेक्षण काढून बघा. महाराष्ट्रात कुठल्याही रूपात तंबाखू वापरणारे प्रौढ २६.६ टक्के होते. धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के, तर बिनधुराचा तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. काही जण दोन्ही करतात, म्हणून बेरीज जुळत नाही.

आता युरोपची पट्टी आठवा. धूरमुक्त जागांना २२ गुण. कोटपाचं चौथं कलमही सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानापुरतंच आहे, तळहातावर मळलेल्या तंबाखूला ते हात लावत नाही. म्हणजे एखाद्या तहसील कार्यालयात 'धूम्रपान निषिद्ध'चे सगळे फलक नियमाप्रमाणे लागलेले, एकही माणूस सिगारेट ओढत नाही, पूर्ण गुण मिळाले. आणि जिन्याचा प्रत्येक कोपरा पिचकाऱ्यांनी लाल. हे गुण कुणाला फसवतात? आपल्यालाच.

म्हणून तालुक्यासाठी मी पुढची विभागणी सुचवतो. गुटखा आणि सुगंधित तंबाखू-सुपारी सहज मिळते का, याला २५. शाळा-कॉलेजांच्या भोवतालला २५. तंबाखू सोडायला मदत मिळते का, याला २०. दुकानांवरचं पालन, म्हणजे वयाचा फलक, सुटी विक्री आणि जाहिरात, याला १५. सार्वजनिक इमारतींतला धूर आणि थुंकी मिळून १५. ही वजनं दगडावरची रेघ नाही. पण एकदा ठरवली की निदान तीन वर्षं बदलू नका, नाहीतर मागच्या आणि पुढच्या वर्षाची तुलना करता येणार नाही. आणि वजनं मोजणीच्या आधी लिहून ठेवा. मोजून झाल्यावर ठरवलेली वजनं नेहमी साहेबांना हव्या त्या बाजूला झुकतात.

दोन कागद करा

पहिल्या कागदावर यंत्रणेचा जोर मांडायचा: साधनं, क्षमता, प्रयत्न. दुसऱ्या कागदावर रस्त्यावर दिसणारं पालन, म्हणजे वरचे १०० गुण. दोन्हींची बेरीज करू नका.

पहिला कागद कार्यालयात बसून होतो, म्हणून तो आधी उरकावा. साधनांत बघायचं ते असं: राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखालची पदं भरलेली आहेत का, सल्लागार, समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ता प्रत्यक्ष याच कामावर आहेत की दुसऱ्या मोहिमेला जुंपले आहेत, निधी कधी आला आणि किती खर्च झाला. मार्च महिन्यात घाईने छापलेली पत्रकं हा खर्च असतो, पण त्याला जोर म्हणवत नाही.

क्षमतेत एक प्रश्न सगळ्यात बोलका आहे: जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समन्वय समिती गेल्या वर्षात किती वेळा बसली आणि मागच्या सभेतल्या ठरावांचं पुढच्या सभेत काय झालं? इतिवृत्त मागून घ्या. 'मागील इतिवृत्त कायम करण्यात आले' या ओळीनंतर काही असेल तर वाचा. पोलीस, अन्न व औषध प्रशासन, शिक्षण विभाग, एसटी आणि नगरपालिका यांपैकी कोण हजर होतं आणि कोणी बदली माणूस पाठवला, हेही हजेरीपत्रकावर दिसतं.

प्रयत्नांत छापे, दंडाच्या पावत्या, प्रशिक्षणं आणि शाळांच्या भेटी येतात. इथे सावध राहा. दंडाचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. एका तालुक्यात वर्षात ४०० पावत्या फाटल्या आणि दुसऱ्यात २०, तर पहिला चांगला की तिथे बेशिस्त जास्त? कोटपाखाली धूम्रपानाचा किंवा शाळेजवळच्या विक्रीचा दंड २०० रुपयांपर्यंतच असतो. टपरीवाला तो सकाळच्या गल्ल्यातून काढून देतो आणि दुपारी पुन्हा माळा टांगतो. म्हणून पावत्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्या तारखा बघा. सगळ्या पावत्या ३१ मेच्या आठवड्यात असतील, म्हणजे जागतिक तंबाखू विरोधी दिनाच्या सुमारास, तर वर्षाचे बाकीचे महिने पथक कुठे होतं हे विचारायला जागा आहे. दर महिन्याला थोड्या पण सलग पावत्या दिसल्या तर मी जास्त गुण देतो.

माहिती मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा साधा अर्ज करा. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. अर्जात 'सविस्तर माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका. 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कोटपा कलम ४, ५, ६ आणि ७ खाली झालेल्या कारवायांची महिनावार संख्या' असं लिहा. मोघम अर्जाला मोघम उत्तर येतं. बऱ्याच ठिकाणी अर्जाची गरजच पडत नाही. कक्षातल्या मंडळींना आपलं काम कुणीतरी विचारतंय याचंच अप्रूप असतं, चहा सांगून रजिस्टर पुढे ठेवतात.

शाळेचं कुंपण आणि ९१ मीटर

दुसरा कागद उन्हातला आहे. शाळेपासून सुरू करा, कारण नियम सगळ्यात स्पष्ट इथेच आहे: शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री नको. १०० यार्ड म्हणजे ९१ मीटर आणि वर थोडं. हे अंतर शाळेच्या बाहेरच्या कुंपणापासून सरळ रेषेत, चारही दिशांना मोजायचं असतं. नवखे लोक फाटकापासून रस्त्याने पावलं मोजतात आणि तिथेच गणित चुकतं.

समजा, तालुक्याच्या गावातली एक जिल्हा परिषद शाळा आहे. फाटक पूर्वेला, मुख्य रस्त्यावर. तिथे १०० यार्डांची हद्द दाखवणारी पिवळी रेघ मारलेली, फलक लावलेला, समोर फक्त झेरॉक्सचं आणि वह्यांचं दुकान. फोटो काढायला सुंदर जागा! आता मागे जा. पश्चिमेची भिंत एका ठिकाणी पडलेली, मुलं तिथूनच ये-जा करतात. भिंतीला लागून बोळ, बोळ संपतो तिथे एक टपरी. फाटकापासून रस्त्याने चालत गेलं तर ती अडीचशे मीटरवर येते, पण भिंतीपासून सरळ मोजली तर पन्नास मीटरही भरत नाही. मोबाइलच्या नकाशावर अंतर मोजायची सोय असते, ती वापरा. भिंतीच्या चारही कोपऱ्यांपासून मोजा आणि पडलेली भिंत कागदावर नोंदवा, कारण मुलांसाठी खरं फाटक तेच आहे.

टपरीवर काय बघायचं? समोर टांगलेल्या माळांत चॉकलेट, शाम्पू आणि साधी सुपारी असते. तंबाखूच्या पुड्या बऱ्याचदा फळीखाली किंवा बरणीमागे. चुन्याच्या डब्या मात्र कुणी लपवत नाही, त्या दिसल्या की पुढचं समजून घ्या. अठरा वर्षांखालील व्यक्तीला विक्री हा गुन्हा असल्याचा फलक दुकानात दिसेल असा लावायचा असतो, ६० बाय ३० सेंटिमीटरचा. आहे का, वाचता येतो का, की त्याच्यापुढे वेफर्सची पाकिटं टांगली आहेत? ब्रँडचं नाव मिरवणारा बोर्ड आहे का? सुटी सिगारेट मिळते का, हे बहुतेक वेळा न विचारताच कळतं. दोरीला बांधलेला लायटर आणि उघडं पाकीट पुरेसं असतं.

एक गोष्ट बजावून सांगतो. मुलाला पैसे देऊन 'पुडी घेऊन ये' असं पाठवू नका. पुरावा भक्कम मिळेल असं वाटतं, पण मुलाच्या हाती तंबाखू पोचवण्यात आपण भागीदार होतो, आणि बाल न्याय कायद्याच्या ७७व्या कलमात मुलाला तंबाखू देण्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. त्यापेक्षा शाळा सुटायच्या वेळी थोडं लांब उभं राहून अर्धा तास बघा. किती गणवेशातली मुलं टपरीवर थांबली आणि काय घेऊन निघाली, एवढंच नोंदवा. मुलांचे फोटो नकोत, दुकानदाराचं नावही नको. आपल्याला तालुक्याचा जोर मोजायचा आहे, एका टपरीवाल्याला पकडायचं नाही.

शाळेच्या आतसाठी वेगळी पट्टी करायची गरज नाही. केंद्र सरकारच्या तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थांच्या मार्गदर्शक सूचनांत निकष आणि त्यांचे गुण दिलेले आहेत: आत आणि फाटकावर फलक, वापराची खूण नसणं, जनजागृतीचं साहित्य, गेल्या सहा महिन्यांत एखादा उपक्रम, नेमलेले तंबाखू मॉनिटर, आचारसंहितेत उल्लेख, पिवळी रेघ वगैरे. शाळा स्वतःच हे गुण भरते. तुमचं काम एवढंच, की शाळेने भरलेला कागद न बघता आपण स्वतः भरायचा आणि नंतर दोन्ही शेजारी ठेवायचे. दोघांतला फरक हाच एक आकडा आहे. मुख्याध्यापकांना तो दाखवताना मात्र स्टाफरूममध्ये सगळ्यांपुढे दाखवू नका.

गुटख्याची किंमत काय सांगते

गुटखाबंदीचा आदेश अन्नसुरक्षा कायद्याखाली दर वर्षी नव्याने निघतो. कामाला लागण्याआधी चालू वर्षाचा आदेश मिळवून वाचा, कोणकोणते पदार्थ त्यात आहेत ते बघा. पान मसालाही त्यात येत असल्यामुळे 'यात तंबाखू नाही, ही पुडी वेगळी आणि जर्द्याची वेगळी' हा युक्तिवाद महाराष्ट्रात चालत नाही. दुकानात दोन पुड्या जोडीने देतात, गिऱ्हाईक त्या हातावर एकत्र करून तोंडात टाकतं.

बंदी घातलेला माल किती मिळतो हे मोजणं अवघड, कारण अनोळखी माणसाला 'नाही' हेच उत्तर मिळतं. त्यासाठी दोन आडवाटा आहेत. पहिली म्हणजे रिकाम्या पुड्या. शाळेचं फाटक, एसटी स्टँड आणि ग्रामीण रुग्णालयाचं आवार अशा ठरलेल्या जागी दहा पावलांचा पट्टा आखून घ्या. त्यातल्या रिकाम्या पुड्या सकाळी झाडलोट व्हायच्या आधी मोजा. पान मसाल्याची चकचकीत पुडी आणि जर्द्याची छोटी पुडी वेगवेगळ्या लिहा. दोन्हींचे आकडे जवळजवळ सारखे आले तर जोडीने खपतंय हे उघड आहे. हातमोजे घाला, आणि कुणी विचारलं तर सरळ सांगा की कचऱ्याचा अभ्यास करतोय. ते खोटंही नाही.

दुसरी आडवाट किमतीची. पुडीवर छापलेली किंमत आणि प्रत्यक्ष विकली जाणारी किंमत यांत किती फरक आहे? छापील किमतीलाच माल मिळत असेल तर बंदी तिथे नुसती नावाला आहे. दुप्पट-तिप्पट दर असेल तर पुरवठ्यावर कुठेतरी ताण आहे. हा दर एसटीतले प्रवासी, हमाल आणि रिक्षावाले गप्पांत सहज सांगतात, त्यासाठी विकत घ्यायची गरज नाही. उदगीर, देगलूर, उमरगा अशा सीमेलगतच्या तालुक्यांत दर आतल्या तालुक्यांपेक्षा वेगळा निघू शकतो, म्हणून एकाच गावावरून जिल्ह्याचा निष्कर्ष काढू नका. दर एका आठवड्यात एकदम चढला तर ताजा छापा पडलेला असेल, ती नोंद शेऱ्यात लिहा. गोदाम कुठे आहे, गाडी कधी येते या चौकशीत मात्र शिरू नका. ते काम अन्न व औषध प्रशासनाचं आणि पोलिसांचं. त्यात जीव धोक्यात घालून मोजणीला एका गुणाचाही फायदा होत नाही.

जिने, कोपरे आणि ओपीडी

सार्वजनिक इमारतींचं काम पटकन होतं. प्रत्येक प्रवेशद्वारावर आणि मजल्यावर धूम्रपानबंदीचा फलक हवा, त्यावर तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव हवं. बहुतेक फलकांवर ही जागा कोरी असते किंवा बदलून गेलेल्या साहेबांचं नाव असतं. कोरी जागा म्हणजे अर्धे गुण. थुंकीसाठी जिन्याचे कोपरे मोजा: एकूण किती, डाग असलेले किती, ओले किती. देवांच्या फरशा लावलेला कोपरा वेगळा लिहा, कारण तिथे डाग नसला तरी शेजारच्या खिडकीत असतो.

सोडायला मदत हा भाग मात्र घाईने उरकू नका. आढाव्यात तो नेहमी शेवटी येतो आणि 'समुपदेशन केंद्र कार्यरत आहे' एवढ्या ओळीत संपतो. जिल्हा रुग्णालयात केंद्र असेल. पण देवणीचा किंवा सोयगावचा माणूस त्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून जिल्ह्याला येईल का? म्हणून ग्रामीण रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्रापासून बघा. ओपीडीतून बाहेर पडणाऱ्या दहा-पंधरा रुग्णांना त्यांच्या परवानगीने एकच प्रश्न विचारा: आज डॉक्टरांनी किंवा सिस्टरनी तंबाखूबद्दल काही विचारलं का? नंतर केंद्राचं रजिस्टर मागा आणि पहिल्या भेटींऐवजी दुसऱ्या-तिसऱ्या भेटींच्या तारखा मोजा. शंभर नावं आणि सगळी एकेकदाच आलेली, तर तिथे नोंदणी चालते, उपचार नाही. पाकिटावर छापलेल्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर स्वतः फोन लावा. किती वेळाने उचलला आणि मराठीत बोलता आलं का, हे लिहा.

कधी, किती आणि कोणाबरोबर

एकट्याने मोजू नका. दोघांनी एकाच जागी स्वतंत्र कागद भरायचे, एकमेकांचं न बघता. समजा २० शाळांपैकी १७ ठिकाणी दोघांचं उत्तर जुळलं, तर ८५ टक्के. त्याच्या खाली आलं तर प्रश्नच नीट लिहिलेला नाही असं समजा आणि तो दुरुस्त करा, माणसाला दोष देऊ नका. 'परिसर स्वच्छ आहे का' या प्रश्नावर कधीच एकमत होणार नाही, 'फाटकापासून दहा पावलांत पुडी दिसते का' यावर होईल.

शाळांची यादी गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून घ्या आणि चिठ्ठ्या टाकून निवडा. 'रस्त्यावरच्या घेऊ, गाडी जाते' असं ठरवलं की निकाल आधीच ठरला. किती शाळा घ्यायच्या? ३० शाळांत १८ ठिकाणी सगळं ठीक निघालं तर ६० टक्के म्हणता येतं, पण खरा आकडा साधारण ४२ ते ७८ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. म्हणून पुढच्या वर्षी ६५ आले म्हणून पेढे वाटू नका. दहा टक्क्यांच्या आतबाहेर बोलायचं असेल तर शंभराच्या आसपास जागा लागतात. तेवढं बळ नसेल तर ३० च घ्या, फक्त अहवालात तसं स्पष्ट लिहा.

वेळेचं गणित आपल्याकडे वेगळं आहे. मे महिन्यात शाळा बंद, म्हणून शाळेची मोजणी जुलै-ऑगस्टमध्ये करा. आठवडी बाजाराच्या दिवशी टपऱ्यांची संख्या वाढते, तेव्हा एक फेरी बाजाराच्या दिवशी आणि एक साध्या दिवशी करा, दोन्ही वेगळ्या लिहा. माळेगावच्या यात्रेसारख्या गर्दीत तात्पुरत्या दुकानांची मोजणी करायची तर ती स्वतंत्र अभ्यास म्हणूनच करा, तालुक्याच्या गुणांत मिसळू नका. घरोघरी जाऊन सेवन विचारायचं असेल तर बीडच्या धारूर, पाटोदा, शिरूर कासार भागात ऊसतोडीच्या हंगामात जाऊ नका. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. मधल्या काळात गावात म्हातारी माणसं आणि मुलं भेटतात, आणि आकडा भलतंच सांगतो.

घरोघरी विचारताना 'तंबाखू खाता का?' हा प्रश्न एकटा पुरत नाही. मशेरी लावणारी बाई 'नाही बाबा, मी कुठे खाते' असंच म्हणेल, आणि तिच्या दृष्टीने ते खरं आहे. ती दात घासते. कोनाड्यात ठेवलेला डबा, तव्यावर भाजलेली काळी पूड, जेवणानंतर आणि झोपायच्या आधी पुन्हा एकदा लावणं, हे सगळं 'दात घासणं' या सदरात जातं. म्हणून एकेक वस्तूचं नाव घेऊन विचारा: मळून तंबाखू, मशेरी, तपकीर, गुटखा, मावा, बिडी, सिगारेट. बायकांना बाईनेच विचारावं, सासूसमोर नको. आशाताई बरोबर असतील तर घर उघडतं. पण प्रश्न त्यांना विचारू देऊ नका, त्या गावात कोण काय करतं हे आधीच जाणतात आणि उत्तर स्वतःच लिहून टाकतात.

सेवनाचा हा आकडा वरच्या दोन्ही कागदांत धरायचा नाही. तो तिसरा कागद. जिल्ह्याचा पाया हवा असेल तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या जिल्हावार पत्रकांत १५ वर्षांवरील स्त्री-पुरुषांचं तंबाखू सेवन दिलेलं आहे, तिथून घ्या. प्रौढांच्या जागतिक सर्वेक्षणात राज्यापर्यंतचेच आकडे आहेत, जिल्ह्याचे नाहीत.

दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर

आता तालुकावार तक्ता करा. यंत्रणेचा जोर जास्त आणि पालन चांगलं, तिथे फार लिहायला नको. जोर जास्त दिसतो पण रस्त्यावर काही नाही, अशा तालुक्यात बहुधा प्रयत्न सभांवर आणि शपथांवर खर्च होत असतात. पावत्यांच्या तारखा पुन्हा बघा. जोर कमी असूनही पालन चांगलं निघालं तर तिथे जाऊन चौकशी करा. एखादी ग्रामसभा, एखादे मुख्याध्यापक किंवा एखादा बीट अंमलदार मनावर घेऊन बसलेला असतो. असं काम एका माणसावर उभं असतं, त्याची बदली झाली की पुढच्या वर्षी गुण घसरतात. म्हणून शेऱ्यात 'कशामुळे' हे लिहाच. दोन्ही कमी असतील तर आधी पदं भरली आहेत का ते बघा, दुकानदारांवर ओरडण्यात अर्थ नाही.

एकूण गुणांबरोबर प्रत्येक भागाचे गुणही छापा. १०० पैकी ५५ या आकड्यावर कुणालाच काही करता येत नाही. 'गुटखा २५ पैकी ६, मदत २० पैकी ४' असं दिसलं की समितीत कुणाकडे बघायचं ते कळतं. तालुक्यांची पहिला-दुसरा अशी क्रमवारी पत्रकारांना आवडते, पण दोन-चार गुणांचा फरक नमुन्यामुळेही येतो. शक्यतो तीन गट करा: बरे, मध्यम, मागे.

अहवाल समितीच्या सभेच्या आठ दिवस आधी कक्षात द्या, ऐन सभेत उघडू नका. दोन पानांच्या वर जाऊ नका, नकाशा एकच ठेवा. प्रत्येक मागणीपुढे खातं आणि तारीख लिहा: अमुक शाळेची पडकी भिंत, ग्रामपंचायत, ३० सप्टेंबर. पुढची सभा लागली की तेवढ्याच ओळी घेऊन जा आणि कोणत्या झाल्या ते विचारा.